दोन तास, दोनशे ऐंशी रुपये आणि नवऱ्याचा हिशोब

ताई,
मी ३६ वर्षांची आहे, मला ‘अहो’ म्हणू नका. माहेर सांगलीचं, आता पिंपळे सौदागरला राहते. नवरा आणि मी दोघंही आयटीत, मुलगी नऊ वर्षांची. घरात सगळं सामान अ‍ॅपवरून येतं, दहा-पंधरा मिनिटांत. तरी अधूनमधून एखाद्या शनिवारी सकाळी मी कासारवाडीहून मेट्रो पकडते, पुण्यात मंडईला उतरते आणि रविवार पेठ, बोहरी आळी, तुळशीबाग अशी फिरून येते. आणते काय, तर थोडं दगडफूल, दोन रिळं, एखादा झारा. परवा दोन तासांत दोनशे ऐंशी रुपयांची खरेदी झाली. नवऱ्यानं माझा तासाचा पगार काढून दाखवला आणि म्हणाला, “हा झारा तुला केवढ्याला पडला बघ. आपल्याला शनिवार एकच तर मिळतो.” चेष्टेत म्हणाला, पण मला लागलं. तेव्हापासून मैत्रिणीकडे जाते असं सांगून जाते आणि पिशवी गाडीच्या डिकीत ठेवते. त्याला पटेल असं काहीतरी सांगा. स्वस्त पडतं, ताजं मिळतं, छोट्या दुकानदारांना मदत होते, काहीही. आणि हेही सांगा, की मला हे खरंच आवडतं, की मी नुसती सांगलीच्या आठवणी काढत फिरते?
— पिशवीवाली

पिशवीवाली,

तू सुचवलेली तिन्ही कारणं आधी तपासून बघू. ती घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिलीस तर पाच मिनिटांत हरशील, आणि ‘सदरातल्या ताईंनी सांगितलं होतं’ असं म्हणून मलाही घेऊन बुडशील.

स्वस्त पडतं, हे सांगू नकोस. साखर, तूरडाळ, तेलाची पिशवी, साबण यांत पेठेतला वाणी डीमार्टशी किंवा तुझ्या अ‍ॅपशी बरोबरी करू शकत नाही. ते ट्रकनं माल उचलतात, हा पोत्यानं. छापील किमतीत दोन-चार रुपये तो सोडेल, त्यापुढे त्याचा हात जात नाही. त्यात मेट्रोचं भाडं धरलंस तर हिशोब आणखी बिघडेल. थोडं घ्यायचं असेल तिथे मात्र तुझं पारडं जड आहे. नागकेशर तुला वर्षाला चमचाभर लागतं, पाकीट येतं त्याच्या कितीतरी पट, आणि उरलेलं फ्रीजच्या दारात पडून पडून वास हरवून बसतं. वाण्याकडे ‘दहा रुपयांचं द्या’ म्हटलं की काम झालं. पण नागकेशरात वाचलेल्या पैशांवर घराचा हप्ता जात नाही. नवरा तेच म्हणेल, आणि बरोबर म्हणेल.

ताजं मिळतं, हे दुकानावर आहे. ज्या दुकानात माल फिरतो तिथले धने चोळले तर तळव्याला वास राहतो. जिथे माशा आणि मालक दोघंच असतात तिथली खोबऱ्याची वाटी खवट निघते आणि जायफळ किडकं. तेव्हा आधी हुंगावं, मग घ्यावं, आणि हुंगू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावं. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. मसाल्याची पूड आणि खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. हळकुंड घे, सुकी मिरची घे, धने घे, आणि समोर उभं राहून दळून किंवा कुटून घे. तू सांगलीची. हळकुंड कसं मोडून बघायचं हे मी तुला काय सांगायचं?

तिसरं कारण मला सगळ्यात कमी आवडतं. मदत करायला म्हणून दुकानात जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ती दुकानदाराशी जरा जास्तच गोड बोलतात, त्याच्या गल्ल्याचा आणि तराजूचा फोटो काढतात, ‘किती छान जुनं दुकान आहे हो’ म्हणतात आणि पन्नास रुपयांची हिंगाची डबी घेऊन जातात ती पुन्हा येत नाहीत. ते दुकान त्याच्या मालकीचं असेल, वरचा मजलाही असेल, मुलगी कदाचित परदेशात शिकत असेल. नसेलही. पण त्याला तुझी कणव नको आहे, त्याला तू पुढच्या महिन्यात परत यायला हवी आहेस. छोटी दुकानं अडचणीत आहेत हे खरं, बंद झालेली शटरं मलाही दिसतात. पण कर्तव्य म्हणून सुरू केलेली खरेदी दोन महिन्यांत कंटाळवाणी होते. आपल्याला व्यायामाचं काय होतं ते माहीतच आहे.

मग उरलं काय? तुला आवडतं, एवढंच. आणि ते पुरेसं आहे. तुझा नवरा रविवारी क्रिकेटची मॅच बघतो (बघत असेल, असं धरून चालते), तेव्हा त्या सहा-सात तासांना तो तासाच्या पगारानं गुणतो का? विरंगुळ्याचा दर काढायचा नसतो. तुझ्या विरंगुळ्यात शेवटी हातात एक झारा येतो, त्यामुळे त्याला वाटलं की ही खरेदी आहे आणि खरेदीचा हिशोब मांडता येतो. तूही तसंच समजून बसलीस म्हणून कारणं शोधते आहेस.

आता आठवणींचं. मला हा प्रश्न त्या झाऱ्यापेक्षा महत्त्वाचा वाटला. सांगलीत गणपती पेठेत वडिलांचं बोट धरून फिरली असशील, हळदीचा तो जड वास नाकात असेल, त्याचा यात वाटा आहेच. असू दे. पण स्वतःला एक विचारून बघ. बोहरी आळी काही सांगलीत नव्हती. तिथे तू लहानपणी कधी गेलेली नाहीस, तरी तिथे रेंगाळतेस. म्हणजे नुसतं माहेर शोधत फिरत नाहीस. तुला दुकानात उभं राहायला आवडतं. पुष्कळांना आवडतं, पण कबूल करायची लाज वाटते, कारण हल्ली ‘शॉपिंग आवडते’ म्हटलं की समोरच्याला मॉल आठवतो.

दुकानात उभं राहण्यात काय आहे, ते माझ्यापुरतं सांगते.

मंडईच्या आसपास काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. लाकडी खण, त्यांवर पुसट झालेली नावं, आणि कशाचा म्हणून सांगता येणार नाही असा एकत्र वास. नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, वाळा, आंबेहळद. दिवाळीच्या आधी तिथे ‘उटण्याचं सामान द्या’ एवढंच म्हणायचं असतं, पुढचं तो बघतो. बाळगुटी मागितलीस तर आधी ‘बाळ किती महिन्यांचं?’ असं विचारतो आणि मग मुरुडशेंग, वेखंड, मायफळ, हळकुंड एकेक करून कागदावर मांडतो. गुटी बाळाला द्यावी की नाही ते बाळाच्या डॉक्टरांना विचारावं, ते त्या कागदावर ठरू नये. पण तो प्रश्न बघ. अ‍ॅप तुला ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं सांगतं. हा माणूस घेणाऱ्याची चौकशी करतो आणि कधीकधी ‘नका घेऊ’ म्हणतो. ‘आज खोबरं नको, गुरुवारी नवीन येतंय.’ स्वतःच्या दुकानात उभा राहून स्वतःचा माल नको म्हणणारा माणूस मला फार आवडतो. असा भेटला की त्याला सोडू नये.

गोड्या मसाल्याचंही तसंच. ‘एक किलो धन्याचं सामान बांधून द्या’ म्हटलं की बाकीची प्रमाणं त्याच्या हातात असतात. दगडफूल किती, शहाजिरे किती, जायपत्रीची किती पानं, तमालपत्र, मसाला वेलची. मग आपण म्हणतो, ‘आमच्याकडे लवंग कमी घालतात.’ तो वर न बघता चार लवंगा काढतो. त्या चार लवंगांत एका घराची चव असते आणि ती सांगायला तोंड उघडावं लागतं. परळ-लालबागला मिरची गल्लीत एप्रिल-मेमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, असं करत प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि मागे डंकाच्या यंत्रावर कुटून घ्यायला रांग. शिंका येत असतात, डोळ्यांतून पाणी वाहत असतं आणि कुणी रांग सोडत नाही. त्या रांगेत बायका एकमेकींच्या पिशव्यांत डोकावून बघतात. ‘तुम्ही खसखस घालता?’ यावरून सुरू झालेलं बोलणं सुनेपर्यंत जातं.

मॅचिंगच्या दुकानात कधी नीट थांबली आहेस का? साडीचा पदर काउंटरवर टाकायचा. तो बघतो, मागे वळतो आणि शेकडो ताग्यांतून नेमका एक ओढतो. एक चिंतामणी, एक मोरपंखी, एक त्या दोघांच्या मधला ज्याला त्याच्याकडेही नाव नाही. तू म्हणतेस हा बरोबर आहे. तो म्हणतो, ‘ट्यूबखाली नका बघू, बाहेर उजेडात या,’ आणि तागा घेऊन स्वतः पायरीवर येऊन उभा राहतो. उन्हात रंग बदलतो. दोघंही मान हलवता. पुन्हा आत. एका ब्लाउजपीससाठी हा खटाटोप करून त्याला किती सुटतं, हे विचारायची मला हिंमत झालेली नाही. फोनच्या पडद्यावर हे होणार नाही, कारण पडद्याचा उजेड स्वतःचा असतो.

मंडईची मुख्य इमारत १८८६ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आणायचा कायदा झाला १९५६ साली. तरी भाजीवाली मावशी अजून ‘पावशेर देऊ?’ म्हणते आणि पाव किलो तोलते. जुन्या पावशेरापेक्षा हे थोडं जास्तच भरतं, तेव्हा तक्रार कुणाचीच नाही.

एवढं कौतुक केलं तर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तू मला भाबडी समजशील. छोट्या दुकानात माणूस असतो, आणि माणूस आला की त्याचा स्वभाव आला. काही दुकानदार इतके तुसडे असतात की वस्तू मागितल्याची माफी मागावीशी वाटते. काहींना गल्लीतल्या प्रत्येकाचं सगळं माहीत असतं आणि ते तिथेच राहत नाही. तुमच्याकडे दूध कमी झालं, पाहुणे आले, मुलगा रात्री सिगारेट घेऊन गेला, सगळ्याची नोंद. आमच्या पिढीला सॅनिटरी पॅड मागताना दुकानात गर्दी कमी व्हायची वाट बघत उभं राहावं लागायचं, आणि मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, चोरीचा माल द्यावा तसं हातात ठेवलं जायचं. ज्या मुली आज ते फोनवरून मागवतात त्यांना ‘दुकानात जा, माणसं भेटतात’ असं मी सांगणार नाही. सगळ्याच वेळी माणसं भेटायला नको असतात. मीही भर पावसात रात्री मागवते आणि दार उघडून निमूट घेते. तेव्हा अ‍ॅप काढून टाक वगैरे शपथा घेऊ नकोस. साबण, पीठ-मीठ, कचऱ्याच्या पिशव्या यांत कसलाही आनंद नाही, ते येऊ दे घरी.

आता नवऱ्याकडे येऊ. तुझ्या पत्रात त्याची दोन वाक्यं आहेत. तुला लागलं ते पहिलं, तासाच्या पगाराचं. मी थांबले ती दुसऱ्यावर. ‘आपल्याला शनिवार एकच तर मिळतो.’ आपल्याला, म्हणाला आहे तो. हे वाक्य पैशांबद्दलचं नाही, बाई. आठवडाभर दोघं दोन स्क्रीनसमोर, आणि सुट्टीची सकाळ उजाडली की तू मेट्रोत. कदाचित त्याला तुझ्याबरोबर सावकाश चहा प्यायचा असेल. कदाचित नऊ वर्षांच्या मुलीचा गृहपाठ एकट्यानं घ्यायचा कंटाळा आला असेल, तेही शक्य आहे, पुरुष आहे. काहीही असलं तरी ते सरळ सांगायचं त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं आकडेमोड केली. तू उत्तर म्हणून दुसरी आकडेमोड शोधते आहेस. दोघं मिळून झाऱ्यावर भांडाल आणि शनिवार तसाच जाईल.

ते खोटं मात्र आधी बंद कर. दगडफुलासाठी खोटं बोलणं शोभत नाही, आणि ते टिकतही नाही. काउंटरवरचा यूपीआयचा बोलका डबा ‘ऐंशी रुपये प्राप्त झाले’ असं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगतो, बँकेचा मेसेज फोनवर येतो, आणि मैत्रीण एखाद्या दिवशी तुझ्या घरी फोन करते. उद्या त्याला कळलं तर तो दगडफुलाचा विचार करणार नाही. अशा शनिवारी बायको नक्की कुठे जाते याचा करेल. डिकीतली पिशवी काढ, ओट्यावर ठेव आणि म्हण, ‘मी पेठेत गेले होते. मला तिथे फिरायला आवडतं. त्यातून बचत होत नाही.’ यापुढे काही बोलू नकोस. समर्थन सुरू केलंस की तो पुन्हा कॅल्क्युलेटर काढेल.

त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी त्याला बरोबर ने, पण मसाल्याच्या दुकानात नाही. तिथे तो पाच मिनिटांत फोन काढेल आणि तुझा मूड जाईल. घरात काय बिघडलंय ते बघ. गळणारा नळ, कपाटाची सैल बिजागरी, बाथरूमच्या दाराची न बसणारी कडी, काहीतरी असणारच. ती जुनी वस्तू काढून त्याच्या खिशात घाल आणि त्याला हार्डवेअरच्या दुकानात उभा कर. बोहरी आळीत आणि आजूबाजूला अशी दुकानं आहेत, की जिथे एक वायसर, दोन स्क्रू, हातभर साखळी असं सुटं मिळतं. जुना तुकडा काउंटरवर ठेवला की दुकानदार तो बोटांत फिरवतो, आत जातो आणि तंतोतंत तसाच घेऊन येतो. किंवा म्हणतो, ‘हा आता येत नाही, पण याच्यावर हे बसतं.’ माझ्या ओळखीतले तीन-चार तर्ककठोर पुरुष या वाक्यावर विरघळलेले आहेत. त्यानंतर ते आपणहून विचारतात, की छिद्र पाडायला कुठलं ड्रिल लागेल, प्लास्टिकचा गट्टू घ्यावा की लाकडी. अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाला कुणी पगारानं गुणत नाही. समजा तो विरघळला नाहीच, तर तो बाहेर मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर बसेल. तेवढी किंमत मोजायला काही हरकत नाही.

दुकानात कसं वागायचं ते तुला येत असणारच, तरी दोन गोष्टी. माल त्याच्याकडे बघायचा, माहिती त्याच्याकडून काढायची आणि तिथेच उभं राहून फोनवर मागवायचं, हे करू नकोस. शरमेची गोष्ट आहे, आणि त्याला कळतं. दुसरं, गर्दीत गप्पांची अपेक्षा धरू नकोस. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पहिली गिऱ्हाइकं होईपर्यंत तो कामात असतो, संध्याकाळी सहानंतर मान वर करत नाही. सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमाराला जा. दुपारी एक ते चार दुकान बंदची गोष्ट सांगत नाही, त्यावर महाराष्ट्रानं हसून घेतलं आहे. दुकानदारही जेवतो आणि आडवा होतो, आपण पुणेकरांनी फक्त ते पाटीवर लिहिलं.

आणि आता मला जे मुख्य सांगायचंय ते. पेठेत तू पाहुणी आहेस. काही महिन्यांतून एकदा जातेस, ते दुकानदार तुला चेहऱ्यानंही ओळखत नसतील. तो आनंद खरा आहे, पण तो जत्रेतला आहे. रोजचं दुकान घराजवळ लागतं, आणि ते तुझ्या पत्रात कुठेच दिसलेलं नाही. पिंपळे सौदागरसारख्या नव्या वस्तीत उंच इमारतींच्या तळाला गाळ्यांची रांग असतेच. किराणा, गिरणी, झेरॉक्स, फॉल-बिडिंग करणारी ताई, चपला शिवणारा, इस्त्रीवाला. तू त्यांच्यासमोरून रोज गाडीनं जात असशील. ते दुकान जुनं नसेल, खण लाकडी नसतील, पाटी फ्लेक्सची आणि भडक असेल. मालक कदाचित राजस्थानातून आलेला असेल आणि त्याचं मराठी मोडकं असेल. हरकत नाही. पेठेतली किती दुकानंही अशीच कुठूनतरी आलेल्या माणसांनी थाटली. बोहरी आळीचं नाव काय सांगतं?

सुरुवात गिरणीपासून कर, असं सुचवते. अ‍ॅपवरचा आटा बंद करू नकोस, पण भाजणी किंवा ज्वारी दळायला टाक. डबा नेऊन ठेवायचा, नाव सांगायचं, तो खडूनं किंवा चिठ्ठीवर लिहितो. मग सांगायचं, ‘भाजणी आहे, जरा भरड ठेवा.’ किंवा बेसनाच्या लाडवांची डाळ असेल तर, ‘डाळीवरच दळा.’ गव्हावर डाळ पडली की लाडू बिघडतो हे त्याला माहीत असतं. तू सांगितलंस की त्याला कळतं, या बाईलाही माहीत आहे. तिथून ओळख सुरू होते. त्यात गोडवा फार नसतो. कधी तो म्हणतो, ‘संध्याकाळी या, लाइट गेली होती.’ संध्याकाळी जायचं. चार-सहा महिन्यांनी एके दिवशी तू रिकाम्या हातानं समोरून जाताना तो हात वर करतो. एवढंच होतं. पण परक्या वस्तीत हात वर करणारा एक माणूस असणं म्हणजे काय, ते सांगलीहून पिंपळे सौदागरला आलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

वाण्याशी ओळख झाली की एक दिवस सुट्टे नसतील किंवा फोन बंद पडेल, आणि तो म्हणेल, ‘असू द्या वहिनी, नंतर द्या.’ आपल्यासारख्या पगारदार माणसांना इथे अवघडायला होतं. सामान परत ठेवून निघून येऊ नकोस. घे. दुसऱ्या दिवशी त्याच कामासाठी जा आणि आठवणीनं दे. पूर्वी वाण्याकडे अख्ख्या महिन्याची वही असायची आणि पगार झाला की खातं मिटवायचं. त्या वहीनं पुष्कळ घरांना महिनाअखेर तारून नेलं आणि काहींना कायमचं अडकवूनही ठेवलं. तुला ती वही नको. पण बावीस रुपये एक रात्र कुणाच्या भरवशावर राहू देणं आणि ते सकाळी परत करणं, यानं दोघांनाही एकमेकांचा अंदाज येतो.

मुलीचा तू ओझरता उल्लेख केला आहेस. तिला एकटीला पाठव. सोसायटीच्या गेटजवळचंच दुकान, रस्ता ओलांडायचा नसेल असं बघून, हातात शंभराची नोट देऊन आणि फोन न देता. चॉकलेट किंवा चिप्स आणायला नको, ते बोट दाखवून मिळतं. असं काहीतरी आणायला सांग, की जे तोंड उघडल्याशिवाय मिळणार नाही. अर्धा किलो रवा, समज. दुकानदार विचारेल, ‘बारीक की जाड?’ तिला माहीत नसेल. धावत परत आली तर उत्तर देऊ नकोस, ‘तूच ठरव’ म्हणून पुन्हा पाठव. जाड आणला तर उपमा कर, बारीक आणला तर शिरा.